थंड खोलीतलं हळदीकुंकू

२५ एप्रिल १९५६, बुधवार. दुपार.

खोटारडा माणूस! म्हणे, "माताजी, बटन दबाइए और शिमला देखिए." दाबलं बटण. शिमला नाही, भट्टी दिसली. मशीन बसल्यापासून नुसतं घूं घूं करतंय आणि गरम हवा फेकतंय. गरम हवा तर खिडकीतून फुकट येत होती. तिच्यासाठी माहेरचा जमिनीचा तुकडा विकायची गरज नव्हती. इंदरगंजच्या त्या दुकानदार गेंदालालला तीनदा निरोप पाठवला. उत्तर काय, तर मशीनला नव्या जागेची सवय होऊ द्या. मशीन आहे की नवी सून?

ही वही रमाकांत डॉक्टरांनी दिली, ह्यांचं खाणं आणि ताप लिहायला. ते लिहिते. ताप नाही. पेज अर्धी वाटी. झालं. बाकीचं पान कोरं ठेवून काय करायचं? म्हणून मनातलं लिहिते. चौथीपर्यंत शिकले आहे. कोणाला दाखवायचं नाही, तर चुकलं तरी चालतं.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांना लू, इथला तापलेला वारा, लागली आणि अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डावा हात चालतो. सरकारच्या, म्हणजे महाराजांच्या, फौजेत जमादार होते. फौज दिल्लीच्या फौजेत मिसळली तेव्हा ह्यांना घरी बसवलं. बसले, आणि आता निजले. डॉक्टर म्हणाले, अजून एक असा उन्हाळा ह्यांना झेपणार नाही. सूर्याजी, आमचा मुलगा, सचिवालयात क्लार्क आहे. उन्हाळा लागला की सगळं सरकार ग्वाल्हेर सोडून इंदूरला जातं, तोही जातो. म्हणाला, बाबांना बरोबर नेतो, तिथे हवा बरी, तूही चल. मी म्हटलं, माझा नवरा सुनेच्या ओसरीवर पडून राहणार नाही. इंदूरची हवा मी इथे आणते.

म्हणून मशीन. एरकंडिशन. आमच्या गल्लीत पहिलं.

मी तर म्हणते, सरकार इंदूरला पळतं ते गर्मीमुळेच. घरोघर असली मशीनं लागली की कोण जाईल? लोक काहीही बोलतात, नोव्हेंबरात नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. भोपाळला काय आहे? तळं. राजधानी ग्वाल्हेरच होणार. सूर्याजी कायमचा इथे येणार. एवढं साधं गणित त्या शिकलेल्यांना येत नाही.

२७ एप्रिल, शुक्रवार

मिस्त्री आला. मशीन उघडलं, आत तोंड घातलं, विडी मागितली. म्हणाला, रिले खराब आहे. हा एक छोटा पुर्जा, काडेपेटीएवढा. तो चालला की आतलं थंड करायचं यंत्र चालतं, नाही तर नुसता पंखा फिरतो. मी म्हटलं, काडेपेटीएवढा तर बदल. म्हणाला, "माताजी, छोटा है, पर दिल्ली में है."

जाताना खोलीची खिडकी आणि वरचे झरोके कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद केले, आणि पट्ट्यांवर दुकानाचा शिक्का मारला. म्हणाला, बाहेरची हवा आत आली तर मशीनवर जोर पडतो. शिक्का फाटला तर गॅरंटी गेली समजा.

मला पटलं. काम पक्कं करतो माणूस. पुर्जा चार दिवसांत येतो म्हणाला.

म्हणजे चैत्राचं हळदीकुंकू पुढच्या शुक्रवारी ठेवायला हरकत नाही. सगळ्यांना बोलावते. गल्लीतल्या मंदाताईलाही. विशेषकरून तिला. गेल्या वर्षी तिने रेडिओ दाखवायला बोलावलं होतं आणि पन्हं पाण्यासारखं होतं.

ह्यांना सांगितलं, आता बघा कसं गार होतं. डावा हात उचलून मशीनकडे केला. त्यांनाही कौतुक आहे.

ताप नाही. भात चार घास.

४ मे, शुक्रवार. रात्र.

हळदीकुंकू छान झालं.

पुर्जा आला नव्हता. पण आमंत्रणं गेली होती, डाळ भिजली होती, कैऱ्या उकडल्या होत्या. मला वाटलं होतं, बायका जमल्या की लाजेकाजेने तरी चालेल. गौर मशीनच्या खालीच मांडली. ह्यांची खाट बाहेर अंगणात, सावलीत ठेवली. बायका सगळ्या आत. बटण दाबलं. गरम हवा, आणि कडेने चांगली धूळ. गौरीपुढचा दिवा विझला.

मंदाताई पदराने मान पुसत म्हणाली, "सुधाताई, फार थंडी वाजते हो. शाल आहे का एखादी?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, मशीन आधी तापतं, मग गार होतं, सायन्स आहे. मंदाताई म्हणाली, "मग आम्ही पण गार होऊनच जातो म्हणायचं." कपाळावरचं कुंकू सगळ्यांच्या नाकावर उतरलं होतं. राजलक्ष्मीकाकूंना तर चक्कर आली. त्यांना कायमच येते.

शेजारच्या इंदुताईंची नजर आमच्या ताट्यांवर. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, दोन ताट्या, अगदी चांगल्या, जाड विणलेल्या. ह्यांनी मागच्या साली मुद्दाम भिंडच्या माणसाकडून करून घेतल्या होत्या. दारा-खिडकीला लावल्या, वर पाणी मारलं की लूसुद्धा आत गार होऊन येते. मशीन आलं म्हणून त्या कोपऱ्यात उभ्या होत्या. इंदुताई म्हणाल्या, "अजून ताट्या ठेवल्या आहेत का? बरं केलंत." आणि मंदाताईकडे बघितलं.

म्हणजे काय? माझ्या मशीनवर माझा भरवसा नाही?

मी उठले. दोन्ही ताट्यांना हळदकुंकू लावलं, इंदुताईंची ओटी भरली आणि ताट्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. म्हटलं, घेऊन जा. आम्हाला आता कायमच्या लागत नाहीत. इंदुताई म्हणाल्या, "अहो, मशीन सुरू होईस्तोवर राहू द्या की." मी म्हटलं, सवाष्णीला दिलेलं मागे फिरवायचं नसतं. मंदाताईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

इंदुताईंचा गडी येऊन ताट्या घेऊन गेला. अंगणातून, ह्यांच्या खाटेवरून.

पन्हं सगळ्यांना आवडलं.

५ मे

ह्यांना काल उन्हात राहिल्याने थोडा ताप. काही नाही. मशीन सुरू झालं की उतरेल.

आज ठरवलं: गेंदालालला निरोप पाठवणं बंद. आता स्वतः जायचं.

९ मे, बुधवार

इंदरगंजला जाऊन आले. सकाळी निघाले तरी टांग्याची गादी तापलेली. गेंदालाल पंख्याखाली बसून खरबूज खात होता. मला बघून उठला, "आइए माताजी, मशीन कैसी है?" मी म्हटलं, मशीन मेलेलं आहे. मोठ्याने म्हटलं. दोन गिऱ्हाइकं परत गेली.

तो म्हणाला, पुर्जा दिल्लीहून निघाला आहे. मी म्हटलं, पायी निघालाय का? तो हसला. ह्या माणसाला लाज नाही. मी सांगितलं, घरी आजारी माणूस आहे, फौजेतला जमादार आहे, मशीन त्याच्यासाठी घेतलं आहे. तेव्हा जरा गंभीर झाला. म्हणाला, "तब तक खिड़की खोल लीजिए." मी म्हटलं, आणि गॅरंटी? म्हणाला, "हाँ, गारंटी तो फिर…" आणि खरबुजाची बी थुंकली.

मग बरोबरच आहे. खिडकी मी उघडणार नाही. त्याला तेच पाहिजे आहे.

पूर्वी असतं तर दरबारात अर्जी दिली असती. दोन दिवसांत गेंदालाल पुर्जा डोक्यावर घेऊन आला असता. आता अर्जी कोणाला द्यायची? सरकार इंदूरला. उरलेलं सरकार सामान बांधतंय.

१३ मे, रविवार. अक्षय तृतीया.

पुर्जा आला! शुभ दिवशी आला. मिस्त्रीने बसवला. मशीनने एकदा मोठा आवाज केला, सगळ्या घरातले दिवे गेले, शेजारचेही गेले. दिवे आले तेव्हा पुर्ज्यातून धूर. मिस्त्री म्हणाला, हा दुसऱ्या मॉडेलचा रिले आहे, कंपनीने चुकीचा पाठवला.

मी विचारलं, बसवताना दिसलं नाही? म्हणाला, "लग तो गया था."

इंदुताई कुंपणावरून ओरडल्या, दिवे तुमच्यामुळे गेले का. मी म्हटलं, वीज कंपनीमुळे. खरं तर अर्धं खरं आहे. त्या वर म्हणतात, मशीनची मागची बाजू आमच्या अंगणाकडे आहे, बंद असलं तरी ते धूड आता सारखं डोळ्यांपुढे येतं. मी काही बोलले नाही. मी कोणाशी भांडत नाही. फक्त एवढंच म्हटलं, की आमच्या ताट्या तुमच्या ओसरीला शोभतात.

ताप आहे. किती ते लिहिलं नाही, थर्मामीटर हातातून पडला.

१९ मे, शनिवार

लू सुरू. गल्लीत कुत्रं नाही. भिंतींना हात लावला तर चटका. मी खोलीत तीन बादल्या पाणी ओतून ठेवते, तर उलट वाफ होते. हवेला जायला वाट नाही ना. पण ते चांगलंच आहे. एकदा मशीन सुरू झालं की थंडीलाही जायला वाट राहणार नाही.

इंदुताईंचा गडी दुपारी ताट्यांवर पाणी मारतो. सप्प, सप्प. इथे ऐकू येतं. आणि वास. मशीनच्या चौकटीच्या फटीतून येतो खसचा वास. तेवढा एक कडेचा भाग मिस्त्रीने नीट बुजवलेला नाही. ह्यांचं तोंड सारखं तिकडे. डावा हात करतात त्या भिंतीकडे. मी म्हणते, हो हो, होणार, मशीन होणार. तर आणखी हात करतात. मग डोळे मिटून घेतात. धीर नाही माणसाला. फौजेत होते, पण धीर नाही.

खाटेची दिशा बदलली. आता डोकं दुसऱ्या भिंतीकडे. सारखं मशीनकडे बघून डोळ्यांवर ताण येतो.

सूर्याजीचं पत्र आलं. इंदूरला संध्याकाळी गच्चीवर गार वारा असतो. बाबा कसे आहेत. मशीन कसं आहे. मी कार्ड टाकलं: मशीन उत्तम. बाबा उत्तम.

एवढ्यातेवढ्यासाठी त्याला कशाला घोर. पुर्जा आलाच की खरं होईल.

२६ मे, शनिवार

पुन्हा इंदरगंज. गेंदालालने आज कागद दाखवला. इंग्रजी होता, त्यानेच वाचला. दिल्लीची कंपनी म्हणते, नवं राज्य होणार म्हणून आम्ही एजन्सीचे इलाके बदलतो आहोत. ग्वाल्हेर आता दिल्लीकडे नाही. ग्वाल्हेर भोपाळच्या ऑफिसकडे. तक्रार तिकडे पाठवा. मी म्हटलं, मग पाठव भोपाळला. तो म्हणाला, भोपाळला ऑफिस अजून उघडलं नाही.

मी विचारलं, मग आज, ह्या घडीला, माझं मशीन कोणाच्या राज्यात आहे?

तो म्हणाला, "माताजी, आज तो मेरी दुकान भी पता नहीं किसके राज में है."

दुकानातले सगळे हसले. मी नाही हसले. मी त्याला सांगितलं, माझ्या माणसाला काही झालं तर तुझ्या दुकानापुढे बसेन. तर म्हणाला, "आप ताटी क्यों नहीं लगा लेतीं? खस तो बाजार में भरी पड़ी है."

बाजारातून आणायची होती. टांगा उभाही केला होता खसवाल्यापुढे. समोरून मंदाताई येताना दिसली. हातात भाजीची पिशवी. टांगा पुढे हाकायला सांगितला. माझ्याच ताट्या शेजारी लोंबताहेत आणि मी बाजारातून नवी घेऊन गल्लीत शिरायचं? सगळ्या गल्लीने बघायचं? ह्यांनाही ते आवडलं नसतं. ते मानी आहेत.

दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

३० मे, बुधवार

डॉक्टर आले. दारातच थांबले. म्हणाले, "ताई, ही खोली आहे की तंदूर? फाडा ते कागद."

मी शिक्का दाखवला. गॅरंटीचं सांगितलं. ते म्हणाले, "गॅरंटी मशीनची आहे, कृष्णरावांची नाही." ह्यांची नाडी बघितली, जीभ बघितली. मग म्हणाले, "आजच्या आज खिडकी उघडा, खस लावा, नाही तर ह्यांना दुसरीकडे हलवा. इंदूरला पाठवायला मी मार्चमध्येच सांगितलं होतं." वही बघायला मागितली. मी म्हटलं, सापडत नाही.

डॉक्टर गेल्यावर कात्री घेतली. खरंच घेतली. पट्टीपाशी गेले. मग वाटलं, आज फाडली आणि उद्या पुर्जा आला तर? गेंदालाल म्हणेल, शिक्का कुठे आहे. मशीन तसंच पडून राहील, आणि सूर्याजी म्हणेल, मी म्हणालो नव्हतो? आणि शालिनी, आमची सूनबाई, ती तोंडाने काही म्हणणार नाही. ते जास्त वाईट.

एक दिवस अजून. शुक्रवारी नाही आला पुर्जा, तर फाडते. ठरलं. देवापुढे हात लावून ठरवलं.

कात्री जागेवर ठेवली. ह्यांनी बघितलं. ओल्या फडक्याने अंग पुसून दिलं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. गर्मीने येतं.

१ जून, शुक्रवार

पुर्जा आला नाही. आज अमावस्या जवळ आहे, असल्या दिवसांत खिडक्यांचं काही फाडू-तोडू नये. सोमवारी.

३ जून, रविवार

दुपारी ह्यांना पुन्हा झटका.

डोळे फिरले. तोंड वाकडं. घसा घरघर. मी हाका मारल्या. इंदुताई पहिल्या आल्या, अनवाणी. त्यांनी खोलीत पाय टाकला आणि ओरडल्या, "अहो, जीव घ्याल माणसाचा!" त्यांचे यजमान नाना आणि गडी, दोघांनी खाट उचलली. माझ्या दारातून त्यांच्या ओसरीवर. मला कोणी विचारलं नाही.

ताट्या ओल्या होत्या. इंदुताईंनी ह्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. डॉक्टर आले, सुई दिली. म्हणाले, इथून हलवायचं नाही.

संध्याकाळी झोप लागली त्यांना. शांत. किती दिवसांनी घरघर नाही. थकल्यामुळे लागली असणार. सुईमुळे.

मी उशाशी बसले. ताटीचा काठ माझ्या हाताला लागला. कडेला अजून हळदकुंकू आहे, पाण्याने उतरलं तरी थोडं आहे.

नानांनी तार केली सूर्याजीला. मी म्हटलं, कशाला तार, पत्र लिहिलं असतं.

घरी आले तेव्हा कागदाच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. एकही सुटली नव्हती. मिस्त्रीने काम पक्कं केलं होतं.

८ जून, शुक्रवार. अमावस्या.

गल्लीतल्या इकडच्या, हिंदी बोलणाऱ्या बायका आज वडाला गेल्या. त्यांची वटसावित्री अमावस्येला, आपली पौर्णिमेला. मी ह्या वर्षी दोन्ही उपास करते. एकावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

सूर्याजी परवा आला. खोलीत गेला, शिक्के बघितले, मशीन बघितलं, बटण दाबलं. गरम हवा तोंडावर आली. माझं कार्ड खिशातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. काही बोलला नाही. बापाचा स्वभाव आहे. मी म्हटलं, पुर्जाच खराब आला, मी काय करणार? म्हणाला, "आई, ताट्या कुठे आहेत?" इंदुताई तिथेच होत्या. खाली बघत राहिल्या. त्यांनी माझं नाव नाही घेतलं. ते मला आवडलं नाही.

आज रेल्वेने ह्यांना इंदूरला नेलं. स्ट्रेचर करून, नाना आणि दोघं-तिघं स्टेशनवर होते. मला सूर्याजी म्हणाला, चल. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, सोमवारी मिस्त्री येणार आहे, घरी कोणीतरी पाहिजे. मशीन दुरुस्त झालं की लगेच ह्यांना परत आणायचं आहे, मग मी जाऊन काय करू?

गाडीत ह्यांचा डावा हात धरला. आता तोही नीट हलत नाही. बोटं तेवढी हलली. मी म्हटलं, जुलैच्या आत आणते तुम्हाला. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

सोमवारी मिस्त्री आला नाही असं होणार नाही. दटावून आले आहे.

११ जून

मिस्त्री आला नाही.

२३ जून, शनिवार. वटपौर्णिमा.

वडाला गेले. सगळ्या होत्या. मंदाताईने मला पुढे जाऊ दिलं, कधी नव्हे ते. फेऱ्या मारताना सगळ्यांचा धागा गुंतला, माझा नाही गुंतला. हे चांगलं लक्षण आहे.

मंदाताई म्हणाली, "कसे आहेत हो जमादारसाहेब?" मी म्हटलं, उत्तम. हवा बदलायला गेलेत. तिने माझा हात धरला. टोमणा मारला नाही. मला त्यापेक्षा टोमणा बरा वाटला असता.

सूर्याजीचं पत्र. बाबा पेज घेतात. संध्याकाळी गच्चीत खाट टाकतो. शालिनी त्यांना पेपर वाचून दाखवते. माझ्याबद्दल काही विचारतात का, ते लिहिलं नाही. विचारतील कसे, बोलता येत नाही. लिहायचं राहिलं असेल.

२ जुलै, सोमवार

चाललं!

मिस्त्री आला, बरोबरचा पुर्जा घेऊन. दिल्लीनेच पाठवला. भोपाळचं ऑफिस अजून उघडलंच नाही. बसवला. बटण दाबलं. आतून धडधड आवाज, आणि मग गार. खरं गार. हातावर काटा आला. मिस्त्री म्हणाला, "देखा माताजी?" शिक्के तपासले, सगळे नीट. गॅरंटी शाबूत.

मी इंदुताईंना हाक मारून बोलावलं. त्या आल्या, दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हो, गार आहे." आणि पदर ओढून घेतला. बाहेर तशीही आता लू राहिली नाही. पूर्वेचा वारा आहे. पण गर्मी अजून पडेल, जुलैत पडते.

जाताना म्हणाल्या, "ताट्या काढून वाळवून ठेवल्या आहेत. तुमच्याकडे पाठवू का?" मी म्हटलं, सवाष्णीला दिलेलं मी घेत नाही. त्या म्हणाल्या, "मग मीही सवाष्णीलाच देते की." आणि मग एकदम गप्प झाल्या. का गप्प झाल्या कोणास ठाऊक.

सूर्याजीला पत्र टाकलं. मशीन सुरू. बाबांना आण.

१४ जुलै, शनिवार

रोज दोन तास चालवते, खोली तयार राहायला. ह्यांची खाट मशीनसमोर घातली आहे. स्वच्छ चादर. उशीला नवा अभ्रा. दोन दिवस मी स्वतः झोपून बघितलं, म्हणजे ह्यांना कसं वाटेल ते कळावं. मला सर्दी झाली. गोधडी घ्यावी लागते. मग अंगणात येऊन झोपले.

मशीनच्या मागून पाणी ठिबकतं इंदुताईंच्या अंगणात. त्या काही म्हणत नाहीत. तिथे त्यांनी तुळस ठेवली आहे.

२९ जुलै, रविवार

सूर्याजीचं पत्र आलं. तीन वेळा वाचलं. लिहितो, बाबा बसू लागले आहेत, भिंतीला टेकून. डावा हात पुन्हा चांगला चालतो. नात कडेवर घेऊन दाखवली की हसतात. ऑक्टोबरात सगळं ऑफिस भोपाळला हलणार, इंदूरहून सरळ तिकडेच. बाबांनाही तिकडेच नेतो. ग्वाल्हेरला आता परत यायचं नाही. "आई, कुलूप लाव आणि ये. मशीन विकून टाक किंवा इंदुताईंना दे."

मशीन दे म्हणतो. भिंत फोडून बसवलेलं आहे ते.

सूर्याजीला उत्तर लिहायला घेतलं, फाडलं. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. त्याला ग्वाल्हेर कळत नाही. हे मी तुम्हालाच लिहिते. पानं काढून पाकिटात घालीन, शालिनी वाचून दाखवेल. सगळी नाही, हे एकच पान.

तर ऐका. खोली गार आहे. पट्ट्या तशाच आहेत, एकही फाटू दिलेली नाही. तुम्ही नाही म्हणून मशीनला हयगय केलेली नाही. आता मला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. घरी येणार की नाही, ही एक. आणि तुम्ही त्या भिंतीकडे हात करत होता, सारखा, सारखा, तो मशीनकडे की ताट्यांकडे, ही दुसरी. बोलता येत नसेल तर नका बोलू. शालिनी विचारेल, तुम्ही डावा हात उचलायचा. एवढं तर जमतं तुम्हाला आता. ती लिहून कळवेल.

मला नागपंचमीच्या आत उत्तर पाहिजे. त्यानंतर मी थांबणार नाही.